गोल्फ कोर्स पुरात बुडतो तेव्हा काय करतात? गडहिंग्लजच्या फुटबॉल मैदानानं त्यातून काय घ्यावं?

जुलै उजाडला की गडहिंग्लज तालुक्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तेच ते प्रश्न फिरायला लागतात. आजऱ्याकडं पाऊस किती झाला? चित्री धरण भरलं का? ऐनापूर, निलजीचे बंधारे पाण्याखाली गेले का? आणि सगळ्यात महत्त्वाचा, भडगाव पुलावर पाणी आलं का? कारण पूल बंद म्हणजे चंदगडकडची वाहतूक बंद.

या गडबडीत एक प्रश्न कुणी विचारत नाही. मैदानाचं काय?

विचारायला हवा, कारण गडहिंग्लज हे फुटबॉलचं गाव आहे. कोल्हापूर शहराबाहेर जिल्ह्यात फुटबॉल रुजलं आणि टिकलं त्या गावांत गडहिंग्लजचं नाव आधी घ्यावं लागतं. एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर दिवाळीच्या सुटीत अखिल भारतीय पातळीवरच्या स्पर्धा होतात, बाहेरच्या राज्यांतले संघ येतात. म्हणजे पावसाळा संपल्यापासून स्पर्धेपर्यंत मैदान सावरायला हातात मोजकेच आठवडे असतात.

मैदान पावसात सांभाळायचं कसं, यावर जगात सगळ्यात जास्त डोकं आणि पैसा खर्च झालाय तो गोल्फमध्ये. गडहिंग्लजला गोल्फ कोर्स नाही आणि व्हावा असंही आमचं म्हणणं नाही. पण गोल्फवाले पाण्याशी कसे वागतात, हे समजून घेतलं तर आपल्या मैदानांबद्दल बरंच काही कळतं.

आधी पाणी येतं कुठून ते बघू

गडहिंग्लजला पाणी दोन वाटांनी गाठतं.

पहिली वाट हिरण्यकेशीची. ही नदी आंबोलीजवळ उगम पावते. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी ते एक आहे. तिथून नदी आजऱ्यातून गडहिंग्लजकडं येते. आंबोलीच्या तुलनेत गडहिंग्लजला पाऊस फारच कमी. त्यामुळं गावात ऊन पडलंय आणि नदी मात्र वाढतेय, असंही होतं. हा पूर वरून आलेला असतो.

इथं एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कोल्हापूरच्या पुराची चर्चा म्हणजे पंचगंगा, राजाराम बंधाऱ्याची ३९ फुटांची इशारा पातळी, ४३ फुटांची धोका पातळी आणि अलमट्टी. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेनं ५५ फूट ओलांडले, २०२४ मध्येही धोका पातळी ओलांडली गेली. पण हिरण्यकेशी पंचगंगेला मिळतच नाही. ती संकेश्वरवरून पुढं कर्नाटकात घटप्रभेला मिळते आणि घटप्रभा कृष्णेला. त्यामुळं कोल्हापूरच्या पातळीचे आकडे बघून गडहिंग्लजचा अंदाज बांधता येत नाही. इथं नजर ठेवायची ती आंबोली-आजऱ्याच्या पावसावर आणि चित्रीच्या सांडव्यावर.

दुसरी वाट जास्त साधी आहे. गावावर पडणारा पाऊस. छपरं, रस्ते, काँक्रीटची अंगणं यांवरचं पाणी मुरत नाही, ते उताराला धावतं. आणि गावातला मोकळा, सपाट, थोडा खोलगट तुकडा म्हणजे बहुतेक वेळा मैदान.

हिशेब करून बघा. फुटबॉलचं मैदान १०० मीटर लांब आणि ६५ मीटर रुंद धरलं, तर क्षेत्रफळ ६,५०० चौरस मीटर. त्यावर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर साडेसहा लाख लिटर पाणी जमा होतं. म्हणजे दहा हजार लिटरचे ६५ टँकर. हे फक्त मैदानावर थेट पडलेलं पाणी. आजूबाजूच्या रस्त्यांवरून येणारं वेगळं.

गोल्फ कोर्स मुळात पाण्यासाठी कसा बांधतात?

अठरा होलचा गोल्फ कोर्स साधारण १२० ते १५० एकरांचा असतो. एवढी सगळी जमीन कोरडी ठेवणं परवडत नाही आणि शक्यही नाही. म्हणून गोल्फवाले आधीच ठरवतात की कुठला भाग वाचवायचा आणि कुठल्या भागात पाणी येऊ द्यायचं.

वाचवायचा भाग म्हणजे 'ग्रीन'. चेंडू शेवटी ज्या बारीक कापलेल्या गवतावरून होलमध्ये ढकलतात तो तुकडा. तो आजूबाजूपेक्षा उंच बांधतात. सखल भागात तळी आणि चर ठेवतात. ही तळी टीव्हीवर शोभेची वाटतात, पण पावसाळ्यात पाणी साठवणं आणि उन्हाळ्यात तेच गवताला देणं हे त्यांचं काम असतं.

ग्रीनच्या पोटात काय असतं, हे जास्त मजेशीर आहे. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेनं १९६० मध्ये एक पद्धत जाहीर केली आणि सुधारणा होत होत ती आजही वापरात आहे. सगळ्यात खाली सच्छिद्र पाइप. त्यावर सुमारे १० सेंटिमीटर खडी. त्यावर सुमारे ३० सेंटिमीटर वाळूप्रधान थर आणि त्यावर गवत.

यातली युक्ती समजायला घरातला स्पंज घ्या. ओला स्पंज ताटात सपाट ठेवला तर त्यातलं पाणी सगळं गळत नाही, तळाशी थोडं धरून राहतं. वरून आणखी पाणी ओतलं की मात्र जादाचं लगेच खाली गळतं. बारीक वाळूखाली जाड खडी ठेवली की तेच होतं. गवताच्या मुळांना लागेल तेवढा ओलावा वाळू धरून ठेवते आणि मुसळधार पावसाचं जादा पाणी खडीतून पाइपात निघून जातं.

याच विचाराची पुढची पायरी आपल्या शेजारीच आहे. बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमनं २०१७ मध्ये जमिनीखालच्या पाइपांतून पाणी ओढून घेणारी 'सबएअर' यंत्रणा बसवली. ती मूळची गोल्फमधली. क्रिकेटच्या मैदानावर ती पहिल्यांदा बसली ती तिथं. जोरदार सर येऊन गेल्यावर तिथं सामना लवकर सुरू होतो, त्याचं गुपित हे.

पूर येणार हे कळल्यावर काय करतात?

गोल्फ कोर्सवरची खरी तयारी पावसाच्या आधी होते आणि ती अगदी साधी असते.

चरांची तोंडं आणि पाइपांचे शेवट मोकळे करतात. पाइप कितीही महागाचा असला तरी त्याच्या तोंडाशी प्लास्टिक अडकलं की तो निरुपयोगी. पंप, मोटारी, विजेच्या पेट्या पूररेषेच्या वर नेतात. गवत कापायची यंत्रं उंचावर लावतात. खतं आणि औषधं वरच्या जागी हलवतात, कारण ती पुरात विरघळली तर खालच्या गावाच्या पाण्यात जातात. मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर आधीचे काही दिवस खत टाकत नाहीत, फवारणी करत नाहीत.

आणि मग सगळ्यात अवघड निर्णय. कोर्स बंद करतात.

ओल्या मातीवर माणूस चालला, गाडी फिरली, की मातीच्या कणांमधली हवेची पोकळी दाबली जाते. पुढचं पाणी मुरायला तीच पोकळी लागते आणि मुळांना श्वास घ्यायलाही. एका ओल्या दिवसाच्या खेळानं झालेलं नुकसान पुढचे कित्येक महिने दिसत राहतं. सदस्यांनी लाखो रुपये भरलेले असले तरी कर्मचारी फाटकावर 'बंद'ची पाटी लावतात ती यामुळं.

पाणी ओसरल्यावर खरं काम

गवत पाण्याखाली किती दिवस तग धरतं? नेमका एक आकडा नाही. थंड, वाहतं आणि स्वच्छ पाणी असेल तर जास्त दिवस. साचलेलं, गरम आणि गढूळ पाणी असेल तर थोड्याच दिवसांत गवत सडायला लागतं. कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि गढूळ पाण्यातून पानांपर्यंत ऊन पोचत नाही.

इथं आपल्यासाठी एक आनंदाची बातमी आहे. उष्ण प्रदेशातल्या गोल्फ कोर्सवर 'बर्मुडा' नावाचं जे गवत मोठ्या कौतुकानं लावतात, त्याचा मूळ प्रकार म्हणजे आपली हरळी. उसाच्या शेतात जिला उपटून उपटून शेतकऱ्याचे हात दुखतात, गणपतीला जिच्या दूर्वा वाहतो, तीच. पाण्याखाली तग धरण्यात ही चिवट. वरून मेल्यासारखी दिसली तरी जमिनीखालच्या खोडांतून पुन्हा फुटते. गोल्फसाठी तिचे बारीक पानांचे संकर तयार केले गेले, एवढंच.

पण पुरात गवताचा मोठा शत्रू पाणी नसतो, गाळ असतो. पूर ओसरला की मागं मऊ, बारीक मातीचा थर राहतो. तो वाळला की वरून झाकण लावल्यासारखा बसतो. खाली हवा जात नाही, वरचं पाणी मुरत नाही. खाली लाखो रुपयांची वाळू आणि पाइप असले तरी वरच्या बोटभर गाळानं सगळं ठप्प होतं. म्हणून गोल्फ कोर्सवर पाणी उतरत असतानाच, गाळ ओला आहे तोवर, रबरी फावड्यांनी आणि पाण्याच्या फवाऱ्यानं तो बाहेर काढतात. वाळल्यावर काढायला गेलं तर गवतासकट निघतो.

त्यानंतर जमिनीला भोकं पाडतात. पोकळ दात असलेलं यंत्र मातीच्या छोट्या गुल्ल्या बाहेर काढतं आणि त्या भोकांत कोरडी वाळू भरतात. मग बुरशीवर लक्ष ठेवतात. गवत थोडं सावरल्यावर हलक्या यंत्रानं, नेहमीपेक्षा उंच कापतात. जड यंत्र आणि रोलर यांना तोवर मज्जाव.

आता आपल्याकडच्या मैदानावर पावसाळ्यानंतर काय होतं ते आठवा. गोलसमोर खड्डा पडलेला असतो. त्यात मुरूम किंवा मिळेल ती माती टाकायची, पाणी मारायचं आणि रोलर फिरवायचा. दिसायला मैदान सपाट होतं. पण गोल्फवाले जे टाळायला धडपडतात, नेमकं तेच आपण पैसे देऊन करतो. मातीवर वेगळ्या मातीचा थर आणि वरून दाब. पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी पुन्हा डबकं.

मग गडहिंग्लजनं गोल्फसारखं मैदान करावं का?

नाही. पूर्ण वाळूचं मैदान महागडं असतं. ते करणं एकदाचं काम, पण त्याला रोज पाणी, खत आणि माहीतगार माणूस लागतो. वाळूत पाणी टिकत नाही, त्यामुळं एप्रिल-मेमध्ये ते जास्त पाणी मागतं. नदीची वाळू मिळणं अवघड, आणि क्रश सँड वापरली तर तिच्यातली दगडाची भुकटी भोकं बुजवून बसते. कुठल्याही शाळेला किंवा मंडळाला हे झेपणारं नाही.

पण गोल्फमधल्या पाच गोष्टी स्वस्तात उचलता येतात.

एक, उतार. मैदानाचा मध्य कासवाच्या पाठीसारखा किंचित उंच. एक टक्का उतार दिला तर ६५ मीटर रुंदीच्या मैदानात मध्यभाग कडेपेक्षा साधारण ३० सेंटिमीटर उंच येतो. खेळताना तो जाणवतही नाही.

दोन, बाहेरचं पाणी बाहेरच अडवणारा चर. मैदानाभोवती चर असेल तर रस्त्याचं पाणी आत येत नाही. त्याची तोंडं जूनच्या आधी साफ करणं हे गटार सफाईच्या यादीत लिहिलेलं काम हवं.

तीन, अरुंद चर. संपूर्ण मैदान उकरण्याऐवजी ठरावीक अंतरावर हातभर खोल अरुंद चर मारायचे, त्यांत खडी आणि वर वाळू भरायची. सुरुवात गोलसमोरच्या भागापासून करता येते, कारण सगळ्यात जास्त चिखल तिथंच होतो.

चार, हरळी. ती फुकट आहे. जूनमध्ये लावली तर पाऊसच तिला वाढवतो. फक्त तिला पसरायला सलग काही आठवडे शांतता द्यायला हवी.

पाच, बंदीचं वेळापत्रक. मैदान चिखल झालं की बंद, हा निर्णय कोण घेणार ते आधी ठरलेलं हवं. मैदानावर खेळ सोडून सभा, प्रदर्शनं, पार्किंग आणि मांडवाचे खड्डेही होतात. ओल्या मैदानावर उभा राहिलेला एक ट्रक शंभर पोरांच्या सरावापेक्षा जास्त नुकसान करतो.

मैदान पूर अडवू शकतं का?

हा प्रश्न आता जगभर विचारला जातोय. अमेरिकेत ह्यूस्टनच्या क्लिअर लेक भागात २०० एकरांचा एक गोल्फ कोर्स २००५ मध्ये बंद पडला. तिथं घरं बांधण्याऐवजी रहिवाशांनी आणि स्थानिक पाणी यंत्रणेनं पाणी साठवणारे तलाव आणि बाग करायचं ठरवलं. 'एक्सप्लोरेशन ग्रीन' त्याचं नाव. २०१७ मध्ये हार्वे वादळ आलं तेव्हा पाचांपैकी पहिल्याच तलावाचं काम चालू होतं, तेही अपुरं. तरी आजूबाजूची दीडशेच्या आसपास घरं वाचल्याचं तिथले लोक सांगतात.

उलटं उदाहरण आपल्याकडं आहे. नवी मुंबईत सीवूड्सजवळच्या पाणथळ जमिनीवर गोल्फ कोर्स आणि निवासी संकुल आणायचा बेत होता. भरतीचं आणि पावसाचं पाणी सामावून घेणारी ही जागा. नागरिक कोर्टात गेले आणि २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्या बदलाला नकार दिला. प्रकरण पुढं सर्वोच्च न्यायालयात गेलं. म्हणजे गोल्फ कोर्स पूर अडवतो की वाढवतो, हे तो कशाच्या जागी आला यावर ठरतं.

पण आकडे बघून पाय जमिनीवर ठेवायला हवेत. १०० एकर जमिनीवर एक मीटर पाणी साठवलं तर सुमारे ४० कोटी लिटर होतं. ऐकायला प्रचंड. पण एक टीएमसी म्हणजे २,८३२ कोटी लिटर. हे त्याच्या सत्तराव्या भागाइतकं भरतं. नदी समजा ३० हजार क्युसेकनं वाहत असेल, तर ही जागा आठ मिनिटांत भरेल. कुठलंही मैदान हिरण्यकेशीचा पूर अडवू शकत नाही. त्यासाठी धरणांच्या विसर्गाचं नियोजन आणि नदीला पसरायला जागाच लागते.

गावाच्या पावसाचा हिशेब मात्र वेगळा निघतो. पाच एकरांचं मैदान आजूबाजूपेक्षा दोन फूट खाली ठेवलं तर त्यात सव्वा कोटी लिटरच्या आसपास पाणी मावतं. आजूबाजूच्या ५० एकरांवर १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातलं ६० टक्के पाणी वाहून आलं, तर तेही जवळपास तेवढंच. म्हणजे एक मैदान एका वस्तीचं पाणी काही तास धरून ठेवू शकतं आणि मग हळूहळू सोडू शकतं. पण तेव्हा ते मैदान खेळायला मिळणार नाही आणि नंतर गाळ काढावा लागेल. या साफसफाईचा खर्च शाळेनं किंवा मंडळानं का सोसावा? वस्ती वाचणार असेल तर तो नगरपालिकेच्या आपत्ती निधीच्या हिशेबात धरायला हवा.

निळ्या रेषेच्या आत

शेवटचा मुद्दा कायद्याचा. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये बांधकामाला मनाई आहे. तिथं उद्यान, खेळाचं मैदान, हलकी पिकं असे मोकळे वापर चालतात.

म्हणजे नदीकाठी मैदान करणं नियमात बसतं आणि शहाणपणाचंही आहे, कारण मोकळी जागा मोकळी राहते. गडबड नंतर होते. मैदान दरवर्षी भिजतं म्हणून त्यावर भराव टाकतात. मग कंपाउंडची भिंत येते. मग प्रेक्षकांसाठी पायऱ्या, कार्यालय, एखादा हॉल. प्रत्येक पाऊल खेळाच्या नावानं उचललेलं असतं. पण भरावानं जेवढं पाणी बाहेर ढकललं, तेवढं शेजारच्या शेतात किंवा पलीकडच्या काठावर जातं.

आज गडहिंग्लज झपाट्यानं वाढतंय. संकेश्वर-बांदा महामार्गानं जमिनीचे भाव वाढवलेत. मोकळी जागा दरवर्षी कमी होणार हे उघड आहे. अशा वेळी उरलेल्या मैदानांबद्दल तीन प्रश्न नगरपालिका, क्रीडा खातं आणि मैदान सांभाळणाऱ्या संस्था यांना विचारायला हवेत. मैदानाचं पाणी जातं कुठं? पावसाळ्यात ते बंद ठेवायचा अधिकार कुणाकडं? आणि पुढच्या आराखड्यात नवी मैदानं कुठं आहेत, भरावावर की भरावाशिवाय?

या प्रश्नांची उत्तरं मे महिन्यात मिळाली तर उपयोग. कारण जुलैमध्ये सगळ्यांचं लक्ष भडगाव पुलाकडं असतं आणि ऑक्टोबरमध्ये पोरं बूट घालून मैदानावर उतरलेली असतात, खाली हरळी असो की चिखल.